तिपाईची मर्यादा : निर्मळ परिसरातील हौशी छायाचित्रण आणि त्यावरील निर्बंध

हौशी छायाचित्रकार म्हणजे पोटापाण्यासाठी नव्हे, तर आवडीसाठी, आठवणीसाठी किंवा अभ्यासासाठी कॅमेरा हाती घेणारी व्यक्ती, ही समजूत व्यवहारात सर्वांना मान्य असली तरी भारतीय कायद्याने अशा व्यक्तीला फार काळ वेगळे नाव दिले नाही. कायद्याने पाहिले ते तिच्या हातातील यंत्राकडे, यंत्राखालच्या तिपाईकडे आणि ती जिथे उभी आहे त्या जागेकडे. त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र घेण्यावरील निर्बंधांचा इतिहास हा माणसांपेक्षा साधनांचा आणि स्थळांचा इतिहास ठरतो, आणि तो समजून घेण्यासाठी एखादा लहान परिसर निवडून तेथील स्थळे एकामागून एक तपासणे अधिक फलदायी असते. वसई तालुक्यातील निर्मळ आणि त्याच्या आसपासचा प्रदेश या कामासाठी विशेष सोयीचा आहे.

निर्मळ हे गाव नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, केळीच्या आणि नारळाच्या वाड्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. विमलासुर आणि परशुराम यांच्या आख्यायिकेशी जोडलेले येथील तळे, शंकराचार्यांच्या समाधीचे स्थान म्हणून पूजले जाणारे मंदिर आणि कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी यात्रा यांमुळे हे गाव उत्तर कोकणातील एक जुने तीर्थक्षेत्र मानले जाते. त्याच गावात ख्रिस्ती समाजाची मोठी वस्ती आणि चर्चही आहे. पूर्वेला काही किलोमीटरवर सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, पश्चिमेला कळंबचा किनारा, दक्षिणेला वसईचा किल्ला आणि त्याच्या पलीकडे रेल्वेने ओलांडलेली वसईची खाडी आहे. मंदिराचा गाभारा, संरक्षित स्मारक, सामरिक महत्त्वाचे दळणवळण आणि धोकादायक किनारा या चारही ठिकाणी कॅमेऱ्याला हटकले जाते. मात्र प्रत्येक ठिकाणच्या मनाईचे मूळ वेगळे आहे, तिचा काळ वेगळा आहे आणि तिच्यामागची चिंताही वेगळी आहे. आज ‘छायाचित्रे काढण्यास मनाई आहे’ हे एकच वाक्य या सर्वांवर सारखेच रंगवले जाते आणि त्या एका वाक्यात हे सगळे भेद पुसले जातात.

चित्र आणि सत्ता यांचा संबंध या प्रदेशात कॅमेऱ्याच्या दोन शतके आधीपासून दिसतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे आली. या मधल्या काळात, १६३५ मध्ये, अंतोनिओ बोकारो याने पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ल्यांचे वर्णन करणारा ग्रंथ राजासाठी सिद्ध केला, ज्यात पेद्रू बारेतू द रेझेंद याने पुरवलेली किल्ल्यांची चित्रे होती आणि त्यांत वसईचाही समावेश होता. हा ग्रंथ त्या काळी हस्तलिखित स्वरूपातच राहिला. तटाची लांबी, बुरुजांची संख्या आणि तोफांची जागा दाखवणारे चित्र हे प्रेक्षणीय वस्तू नसून राज्याच्या कामाचा कागद आहे, ही दृष्टी पुढे ज्या कायद्यांनी कॅमेऱ्याला लागू केली, त्यांचे बीज अशा नकाशांत आढळते.

कॅमेरा आला तेव्हा मात्र सरकारची भूमिका मनाईची नव्हती, उत्तेजनाची होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, ज्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार तयार झाले. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी कॅप्टन थॉमस बिग्ज याची नेमणूक केली, कारण चित्रकाराकडून वास्तूचे रेखाटन करून घेण्यापेक्षा छायाचित्र स्वस्त आणि बिनचूक पडेल असा संचालकांचा हिशेब होता. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईत जी छायाचित्रमाला मासिक अंकांतून प्रसिद्ध केली, तिच्या नावातच ‘हौशी’ या अर्थाचा ‘अमॅच्युअर’ हा शब्द होता. त्या काळातील हौशी माणूस म्हणजे अर्थातच डॉक्टर, लष्करी अधिकारी किंवा सधन व्यापारी; काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, काळोखाचा तंबू आणि जड लाकडी तिपाई बाळगणारा हा गृहस्थ संख्येने इतका थोडा होता की त्याच्यावर निर्बंध घालण्याची गरज कोणाला भासली नाही.

१८६७ मध्ये विरार आणि मुंबई यांच्या दरम्यान उपनगरी गाडी धावू लागली आणि वसई हे मुंबईकरांच्या एका दिवसाच्या आवाक्यात आले. गोव्यातून येऊन मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जोझे जेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर लिहिलेला ग्रंथ १८७६ मध्ये निघाला, आणि त्यात १७ छायाचित्रे जोडलेली होती. इतिहास हा द कुन्हा यांचा व्यवसाय नव्हता, छंद होता. त्यांच्या ग्रंथातील अवशेषांची छायाचित्रे आज एका वेगळ्या कारणाने मोलाची झाली आहेत, ते कारण असे की दीडशे वर्षांत पावसाने, वडा-पिंपळाच्या मुळांनी आणि दगड उचलून नेणाऱ्या हातांनी काय नाहीसे केले ते ताडून पाहण्यासाठी जुन्या छायाचित्राइतका विश्वसनीय साक्षीदार सापडत नाही. निर्बंधांची चर्चा करताना हा मुद्दा सहसा विसरला जातो. स्मारकाची नोंद ठेवण्याचे काम सरकारी खात्याइतकेच बिनपगारी, हौशी मंडळींनीही केलेले आहे.

याचे दुसरे उदाहरण सोपाऱ्याचे आहे. ज्या टेकाडाला स्थानिक लोक बुरुड राजाचा कोट म्हणतात, ते एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उघडले, तेव्हा आतून दगडी करंडक, त्यातील बुद्धाच्या अवशेषांची पात्रे आणि लहान ब्राँझमूर्ती बाहेर आल्या. त्याच सुमारास भगवानलाल यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा मिळण्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले, आणि तो मिळाला निर्मळच्या शेजारच्या भुईगावात. भगवानलाल यांचे मुख्य साधन कॅमेरा नव्हते. ते लेखाचा ‘ठसा’ घेत. ठसा म्हणजे ओला कागद कोरीव अक्षरांवर दाबून बसवायचा, ब्रशने ठोकून खाचांत शिरवायचा आणि वाळल्यावर अलगद सोलून काढायचा. कागदावर अक्षरे उठून येतात आणि घरी बसून ती वाचता येतात. ही कृती येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की पुढे कायद्याने छायाचित्र आणि ठसा यांना एकाच व्याख्येत बसवले.

पहिला खरा निर्बंध मात्र पुरातत्त्वाच्या बाजूने आला नाही, गुप्ततेच्या बाजूने आला. १८८९ च्या शासकीय गुपिते अधिनियमानंतर १९२३ च्या अधिनियमाने ‘निषिद्ध स्थान’ ही संकल्पना रूढ केली. १९२३ च्या अधिनियमातील व्याख्येनुसार ‘रेखाचित्र’ या शब्दात छायाचित्रही येते, आणि राज्याच्या सुरक्षिततेला बाधक अशा हेतूने निषिद्ध स्थानाजवळ जाणे किंवा शत्रूला उपयोगी पडेल असे रेखाचित्र करणे हा गुन्हा ठरतो. शस्त्रागारे, लष्करी तळ आणि गोद्या ही स्थाने व्याख्येतच आहेत. रेल्वे, रस्ता किंवा जलमार्ग मात्र आपोआप निषिद्ध होत नाही. त्यासाठी केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि त्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीत व त्या ठिकाणच्या देशी भाषेत प्रत्यक्ष जागेवर लावावी लागते. पुलांच्या टोकाशी दिसणाऱ्या मनाईफलकांमागे असलेला हा विचार मोठा आहे, कारण सामान्य माणसाला त्याच्या भाषेत आधी सांगितल्याशिवाय त्याला दोषी धरता येऊ नये अशी हमी त्यात आहे. व्यवहारात घडले ते उलट. अधिसूचना कोणती, तिची तारीख कोणती, याचा मागमूस नसलेले फलक स्थानकांवर, कार्यालयांवर, जलाशयांवर वाढत गेले आणि फलक हाच कायदा अशी समजूत पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्धा येथील एका प्रकरणात पोलीस ठाणे हे या अधिनियमातील निषिद्ध स्थान नाही, सबब तेथे चित्रफीत घेतल्याने या अधिनियमाखालील गुन्हा घडत नाही, असे स्पष्ट केले. एवढी साधी गोष्ट ठरायला अधिनियम होऊन ९९ वर्षे लोटली होती.

दरम्यान कॅमेरा स्वतः बदलला होता. ईस्टमन कंपनीने १८८८ मध्ये कोडॅक आणि १९०० मध्ये ब्राऊनी हा खोक्यासारखा स्वस्त कॅमेरा बाजारात आणल्यावर रसायने हाताळण्याचे कौशल्य नसलेला माणूसही छायाचित्रकार झाला. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत ही क्रांती जरा उशिरा, स्वातंत्र्यानंतर पोहोचली, आणि तिचे प्रतिनिधित्व भारतात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याकडे जाते. त्यात १२० क्रमांकाची फिल्म बसे आणि एका रिळावर सहा सेंटिमीटर चौरसाची बारा चित्रे येत. बारा चित्रांत लग्न, बारसे, किल्ल्याची सहल आणि तीर्थयात्रा बसवायची असल्यामुळे प्रत्येक खटका विचार करून दाबला जाई. उन्हात उभे राहून, सूर्य पाठीशी घेऊन, श्वास रोखून. या कॅमेऱ्याला तिपाई लागत नसे, आणि पुढच्या कायद्याच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक ठरली.

१९०४ च्या प्राचीन स्मारक अधिनियमाची जागा घेणारा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम १९५८ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम १९५९ मध्ये आले. वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप ही केंद्रीय संरक्षित स्मारके असल्याने हेच नियम निर्मळच्या दोन्ही बाजूंना लागू आहेत, आणि ते बारकाईने वाचण्याजोगे आहेत. त्यांत ‘प्रतिकृती घेणे’ आणि ‘चित्रीकरण’ असे दोन वेगळे व्यवहार कल्पिले आहेत. प्रतिकृती घेणे म्हणजे रेखाटन, छायाचित्र, साचा किंवा ठसा यांच्याद्वारे स्मारकाची नक्कल करणे. आणि आठ मिलिमीटरपेक्षा रुंद नसलेली फिल्म वापरणाऱ्या, स्टँडची किंवा विशेष पूर्वतयारीची गरज नसलेल्या हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेले चलच्चित्रही त्यातच धरले आहे. यापलीकडचे सारे ते चित्रीकरण, आणि त्यासाठी परवाना आवश्यक. आठ मिलिमीटर ही फिल्म कोडॅकने १९३२ मध्ये घरगुती चित्रणासाठीच काढली होती: सोळा मिलिमीटर रुंदीचे रीळ एकदा एका कडेने आणि मग उलटून दुसऱ्या कडेने उघडायचे, धुतल्यावर मधोमध कापून जोडायचे, की चार मिनिटांचा कौटुंबिक चित्रपट तयार. म्हणजे ‘हौशी’ हा शब्द न उच्चारता नियमकर्त्यांनी हौशी माणसाची मर्यादा फिल्मच्या रुंदीने आणि तिपाईच्या अभावाने आखली होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नियमांच्या रचनेत आहे. एखाद्या विशिष्ट स्मारकाबाबत पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांनी वेगळा लेखी आदेश काढला नसेल, तर कोणत्याही व्यक्तीला त्या संरक्षित स्मारकाची प्रतिकृती घेता येईल, असे ते प्रथम सांगतात. आणि त्यानंतर अपवाद मोजतात. कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची, टेबल, मोठा रेखाटनफलक किंवा चित्रकाराची घोडी आवारात आणायची असेल, परांची बांधायची असेल, कॅमेऱ्याच्या खटक्याबरोबर लखलखणाऱ्या फ्लॅशखेरीज दुसरा कृत्रिम प्रकाश वापरायचा असेल, दगडावर पाणी, तेल किंवा साच्याचा लगदा लावायचा असेल, किंवा ठसा घ्यायचा असेल, तर लेखी परवानगी हवी. भगवानलाल यांचा ओला कागद आता परवानगीच्या कक्षेत आला, तो योग्यच, कारण ठशाने झिजणारा दगड पुन्हा भरून येत नाही. पण क्लिक थ्री गळ्यात अडकवून किल्ल्यावर आलेल्या सहलकऱ्याला नियमांनी पूर्ण मोकळीक दिली होती. स्वातंत्र्य हा नियम आणि मनाई हा अपवाद, असा हा क्रम होता. फलकांनी तो उलटा केला, आणि पहारेकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या उलट्या क्रमातच वाढल्या.

वसईच्या किल्ल्याने या नियमाची दुसरी बाजूही अनुभवली आहे. ‘खामोशी’, ‘जोश’ यांसारख्या हिंदी चित्रपटांना आणि २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गीताला या तटांनी पार्श्वभूमी पुरवली. त्यानंतरच्या वर्षांत विवाहपूर्व छायाचित्रणाची लाट आली. या प्रकारात जोडप्याबरोबर व्यावसायिक छायाचित्रकार, परावर्तक पडदे, बदलण्याचे पोशाख आणि कधी रंगीत धुराची नळकांडी असा सगळा संच येतो, आणि चर्चच्या पडक्या भिंतींवर चढून उभे राहणे हा त्यातला नित्याचा भाग असतो. स्थानिक दुर्गप्रेमींनी त्याला वारंवार केलेला विरोध रास्त आहे. ‘विशेष पूर्वतयारी’ हे १९५९ चे शब्द याच प्रसंगाला चपखल बसतात. अडचण अशी की अशा मंडळींना रोखण्यासाठी उठवलेला हात बहुधा एकट्या विद्यार्थ्यावर किंवा शिलालेख टिपणाऱ्या अभ्यासकावरही पडतो, कारण दोघांमधला फरक सांगणारी आठ मिलिमीटरची खूण आता उरलेली नाही. खिशातल्या मोबाइल फोनला फिल्म नाही, तिपाई नाही, पूर्वतयारी नाही. आणि तरीही त्याने घेतलेले चलच्चित्र एकेकाळच्या स्टुडिओच्या कॅमेऱ्याला मागे टाकते.

जुलै २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या दिल्लीतील नव्या मुख्यालयाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांनी स्मारकांतील छायाचित्रणबंदीच्या उपयुक्ततेवर प्रश्न उपस्थित केला आणि लगोलग खात्याने अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालाचा कबरीचा भाग एवढे वगळून सर्व केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणास मोकळीक जाहीर केली. या निर्णयाचे स्वागत नवी सवलत म्हणून झाले, परंतु १९५९ च्या नियमांशी ताडून पाहिल्यास तो बऱ्याच अंशी जुन्या हक्काची पुनरुक्ती होता. कायद्याची दुसरी एक शाखाही हौशी माणसाच्या बाजूने आहे: १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार वास्तूचे, किंवा सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे हा निर्मात्याच्या हक्काचा भंग ठरत नाही.

निर्मळच्या मंदिराकडे आणि चर्चकडे वळल्यावर राजपत्र मागे पडते आणि रूढी पुढे येते. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या देवस्थानांत गाभाऱ्यातील छायाचित्रणास मनाई असते. तिचे कारण देवाचे चित्रच निषिद्ध आहे असे नाही. १८९४ मध्ये सुरू झालेल्या राजा रविवर्म्यांच्या मुद्रणालयाने देवदेवतांची चित्रे घरोघर पोहोचवली आणि देवस्थानांच्या बाहेर मूर्तीच्या तसबिरी आजही विकल्या जातात. आक्षेप आहे तो दर्शनाच्या क्षणी मधे येणाऱ्या यंत्राला. भाविक मूर्तीकडे पाहतो आणि मूर्ती भाविकाकडे पाहते, या परस्पर पाहण्याला दर्शन म्हणतात. त्यात तिसरा डोळा आला की रांग खोळंबते आणि ज्याच्यासाठी माणूस इतक्या दूर आला ते राहून जाते. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना पाळला जाणारा संकोचही याच जातीचा आहे. या मनाया विश्वस्त, पुजारी आणि गावकरी यांनी स्वतः घातलेल्या आहेत आणि त्यांचे पालन लाजेने होते, दंडाने नव्हे. म्हणूनच त्या सरकारी फलकांपेक्षा अधिक टिकल्या आहेत.

माणसांच्या बाबतीत मात्र रूढी आणि कायदा दोन्ही फार उशिरा जागे झाले. विल्यम जॉन्सनने १८६३ पासून प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील जातीजमातींच्या संग्रहात माणसांच्या आकृती एका छायाचित्रातून कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या होत्या. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत काढलेल्या भारतीय लोकांच्या संग्रहातही माणूस हा बहुतांशी नमुना म्हणूनच आला. लाल लुगडे नेसणाऱ्या सामवेदी ख्रिस्ती स्त्रिया किंवा यात्रेत सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी, विकणाऱ्या बायका आजही बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्यांचा आवडता विषय आहेत. सार्वजनिक रस्त्यावरील व्यक्तीचे साधे छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी करणारा कायदा भारतात नाही. खाजगी अवयवांचे किंवा खाजगी कृतीचे संमतीविना चित्रण मात्र माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील २००८ च्या दुरुस्तीने आणि दंडसंहितेतील २०१३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. या दोन टोकांमधली मोठी जागा ‘फोटो काढू का?’ या प्रश्नाने भरायची असते, आणि ज्या छायाचित्रकाराने हा प्रश्न विचारण्याची सवय ठेवली त्याला या वाड्यांमध्ये दारे बहुधा उघडीच मिळतात.

अलीकडची मनाई किनाऱ्यावर आणि आकाशात आहे. जानेवारी २०१६ मध्ये वांद्रे येथे समुद्रात बुडण्याची घटना घडल्यावर मुंबई पोलिसांनी शहरातील काही ठिकाणे स्वतःचे छायाचित्र घेण्यास धोकादायक म्हणून निश्चित केली, आणि पावसाळ्यात धबधबे व किनारे यांवर जमावबंदीच्या कलमाखाली आदेश काढण्याची पद्धत वसई तालुक्यातही रुळली. चिंचोटीचा धबधबा हे त्याचे परिचित उदाहरण आहे. येथे छायाचित्र हा गुन्ह्याचा विषय नाही, पाय घसरण्याचे निमित्त आहे. ड्रोनच्या बाबतीत मात्र २०२१ च्या नियमांनी एक जुना धागा पुन्हा हाती घेतला: दोन किलोपर्यंतचा सूक्ष्म ड्रोन व्यावसायिक हेतूशिवाय उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. १९५९ मध्ये फिल्मच्या रुंदीने जे मोजले होते ते येथे वजनाने आणि हेतूने मोजले गेले.

स्मारकांच्या नियमांत मात्र आठ मिलिमीटरची ती फिल्म अजूनही शाबूत आहे. पुढे तिच्या शेजारी ‘व्हिडिओ फिल्म’ हे शब्द घातले गेले, एवढेच. ती फिल्म बाजारातून जवळपास नाहीशी झाली, तिचे रीळ मधोमध कापणारे कारागीर गेले आणि तिने टिपलेल्या सहली, यात्रा आणि पडक्या तटांवर बसलेली कुटुंबे वसईतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यांत पडून आहेत. खारट हवेत त्या डब्यांना गंज चढतो, फिल्म आकसते आणि तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. ती उलगडून पाहण्यापूर्वी कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही.